डबल बेल

(पहाटेचं आगार. ड्युटीच्या तक्त्यापुढे चालक-वाहकांची गर्दी.)

आज कुठली फेरी आहे, हे बघायला सगळे इथे येतात. पण नजर आधी जाते शेजारच्या नावावर. "बरोबर कोण आहे?" नाव मनासारखं असलं की चहा निवांत होतो. नसलं, तर माणूस मुकाट्याने बॅग उचलतो.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून अहमदनगरला गेली. आजही बहुतेक गाड्यांवर माणसं दोन: एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसऱ्याच्या खांद्याला पैशांची बॅग. भांडणाचं मूळ बऱ्याचदा या वाटणीतच असतं.

(धावती गाडी. रस्त्याकडेला पिशवी घेऊन हात करणारे आजोबा.)

चालकाला जाब द्यावा लागतो डिझेलचा आणि वेळेचा. गाडी थांबवली की पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात, म्हणजे डिझेलची सरासरी खाली. वाहकाला विचारलं जातं फेरीचं उत्पन्न. त्यामुळे या आजोबांना बघून एकाचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो, दुसऱ्याचा हात घंटीच्या दोरीवर. आपापल्या जागी दोघंही बरोबर. प्रवासी मात्र म्हणतात, "ड्रायव्हर खडूस आहे." खडूस माणसं असतातच, ती कुठे नसतात? पण दर वेळी स्वभावाला दोष देऊन भागत नाही.

(दोरी ओढणारा हात.)

एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. घंटी नसताना गाडी हलली आणि कुणी पडलं, तर चौकशीत चालक सापडतो. पायरीवर माणूस असताना डबल बेल दिली, तर वाहक. एकाची नोकरी अशी दुसऱ्याच्या हातात. आणि राग कळतो तोही या दोरीवरूनच. खटकलेल्या जोडीत घंटी सलग चार-पाच वेळा खणखणते. पलीकडून उत्तर येतं ते ब्रेकने, नेमकं वाहक सुट्टे मोजत असताना.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या आणखी भरल्या. वाहक गर्दीतून वाट काढत मागच्या सीटपर्यंत पोचतो, तोवर पुढे चालकाने दोनदा घड्याळ बघितलेलं असतं. त्याआधीचा संप तर वेगळंच ओझं ठेवून गेला. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला तो संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कुणी मध्येच कामावर आलं, कुणी शेवटपर्यंत बाहेर राहिलं. नंतर दोघांच्या ड्युट्या एकाच गाडीवर.

(रात्र. गावातली मुक्कामी गाडी. आत एकच दिवा.)

खरी कसोटी मुक्कामी गाडीवर. कुठे ग्रामपंचायतीची खोली मिळते, कुठे गाडीतच बाकावर अंथरूण. पहाटे पहिली फेरी काढायची म्हणून एक जण लवकर आडवा होतो. दुसऱ्याचा मोबाइल उशिरापर्यंत बोलत राहतो. दिवसाच्या वादांपेक्षा या मोबाइलनेच जास्त जोड्या मोडल्या असाव्यात, असं आपलं आम्हाला वाटतं.

जुनी मंडळी गाडी फलाटावरून निघायच्या आधीच बोलून घेतात. विनंती थांबे कुठले घ्यायचे, चहा कुठे, उशीर झाला तर कुठे भरून काढायचा. दुसरी गोष्ट, प्रवाशांसमोर जोडीदाराला उणं बोलायचं नाही. "मास्तर, हा ड्रायव्हर झोपलाय का?" असं कुणी विचारलं, तर वाहक तिकीट फाडत म्हणतो, "पुढे रस्ता खराब आहे, काका." रस्ता चांगला असला तरी. मग काय बोलायचं ते थांब्यावर उतरल्यावर, टपरीच्या मागे.

आणि तरीही नाहीच जमलं, तर ड्युटी लावणाऱ्या साहेबांकडे जाऊन जोडी बदलून मागता येते. माणसं कमी असली की तेही होत नाही. मग अबोला. तोही मात्र पुढच्या स्थानकापर्यंतच. तिथे गाडी मागे घ्यायची असते, आणि वाहकाला खाली उतरून शिट्टी वाजवत ओरडावंच लागतं: "येऊ द्या, येऊ द्या... बास!"