सिंगापूर, विद्यार्थ्याच्या खिशातून

नमस्कार श्रोतेहो.

सिंगापूरला एखाद्या सत्रासाठी किंवा नुसतं आठवडाभर फिरायला निघालेल्या मुलामुलींना घरातून पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, 'तिकडे सगळं महाग असतं.' सगळं नसतं. राहणं महाग, टॅक्सी महाग, तिकीट काढून बघायच्या जागा तर विचारूच नका. बस, हॉकर सेंटर म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या गाळ्यांमधलं जेवण आणि नळाचं पाणी मात्र परवडतं, आणि शहर बघायला एवढं पुरतं. पैसे गळतात ते बहुतेक वेळा नियम ठाऊक नसल्यामुळे.

बसपासून सुरुवात करू. बस आणि एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, यांचं भाडं एकाच हिशोबानं, अंतरावर ठरतं. चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. बसमधून उतरताना विसरलात, तर तुम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलात असं धरून पैसे कापले जातात. चढताना मोबाइल आणि उतरताना पाकिटातलं कार्ड, असंही करू नका. खातं एकच असलं तरी यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं असतात, आणि भुर्दंड दोन्हीकडून बसतो. भारतीय बँकेचं कार्ड चाललं तरी परदेशी कार्डावर रोजचं वेगळं शुल्क लागतं, शिवाय आपली बँक चलन बदलण्याचे पैसे घेते ते निराळेच. चार-पाच दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर तिथलं प्रवासी कार्ड घ्यावं. आणि थांब्यावर हात दाखवा. नुसतं उभं राहिलात तर बस पुढे निघून जाते.

आता खरी युक्ती. एक बस सोडून दुसरी, किंवा बस सोडून मेट्रो आणि मेट्रो सोडून बस पकडायला ४५ मिनिटं मिळतात. दोन तासांच्या आत, पाच वेळा वाहन बदललं तरी तो एकच प्रवास धरला जातो. अटी दोनच: लगेच त्याच क्रमांकाची बस पुन्हा घ्यायची नाही, आणि ज्या स्टेशनातून बाहेर पडलात त्याच स्टेशनातून पुन्हा आत शिरायचं नाही. म्हणजे लिटल इंडियात सेरंगून रोडवर उतरा, वीरमाकालीअम्मन देवळात डोकावून या, फुलांच्या दुकानांवरून एक चक्कर मारा आणि चाळिसाव्या मिनिटाला वेगळ्या क्रमांकाची बस पकडा. नव्यानं भाडं सुरू होत नाही, वाढलेल्या अंतराचे थोडे सेंट तेवढे जातात. आपल्याकडे कुठल्या बसमध्ये ही सोय आहे?

जेवण हॉकर सेंटरमध्येच घ्यायचं. चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये पोट भरतं. हॉटेलच्या मेन्यूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं (++) दिसली तर सावध व्हा. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी चढतो. हॉकर सेंटरमध्ये दिसते तीच किंमत. टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट दिसलं, तर ती जागा कुणीतरी धरून ठेवलेली आहे. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाचंच हे भावंड. जेवून झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. २०२१पासून ती सक्ती आहे. बरेच गाळे सोमवारी बंद असतात, नावाजलेल्यांचा माल दुपारी दोनलाच संपतो.

शाकाहारी असाल तर 'भाजी' या शब्दावर विसंबू नका. हिरव्या पालेभाजीत ऑयस्टर, म्हणजे शिंपल्यांचा सॉस असतो, सांबल नावाच्या मिरचीच्या चटणीत कोळंबीची पेस्ट. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटर या हॉकर सेंटरमधले डोशाचे गाळे किंवा पूर्ण शाकाहारी चिनी गाळे बरे. कॉफीचीही भाषा शिकून घ्या: नुसतं 'कोपी' म्हटलं तर कन्डेन्स्ड मिल्क घालून गोड येते, 'कोपी-ओ' म्हणजे साखरेची काळी, 'कोपी-ओ कोसोंग' बिनसाखरेची. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका, नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

राहण्याबद्दल थोडक्यात. ॲपवर कुणाच्या घरातली स्वस्त खोली आठवड्यासाठी दिसली तरी घेऊ नका. खाजगी घरं तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं भाड्यानं देणं तिथे बेकायदा आहे. लिटल इंडिया किंवा लॅव्हेंडर भागातलं हॉस्टेल गाठा.

फुकटातही बघण्यासारखं खूप आहे. बोटॅनिक गार्डन पहाटे पाचला उघडतं. ऊन चढायच्या आत जा, आत पैसे लागतात ते फक्त ऑर्किडच्या बागेला. गार्डन्स बाय द बे या बागेतले काचेचे घुमट तिकिटाचे, पण त्या उंच कृत्रिम झाडांखालचा रोषणाईचा खेळ फुकट, संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ला.

एक अख्खा दिवस पुलाउ उबिन बेटासाठी ठेवाच. तनाह मेराह स्टेशनवरून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते. तिथून लाकडी बोट, माणशी चार डॉलर. बोटीला वेळापत्रक नाही, बारा माणसं जमली की सुटते. वाट बघायची नसेल तर उरलेल्या जागांचे पैसे आपणच भरायचे. म्हणून शनिवारी-रविवारी सकाळी गेलेलं बरं, माणसं पटकन जमतात. रोख पैसे जवळ ठेवा, बेटावर एटीएम नाही. तिथे नळाचं पाणीही येत नाही, तेव्हा दोन लिटर पाणी शहरातूनच भरून न्या. सायकल भाड्यानं घेण्याआधी ब्रेक दाबून बघा, बेटावरच्या चेक जावा या पाणथळ जागेच्या वाटेवर उतार आहेत. आणि परतताना अंधाराची वाट बघू नका. उशीर झाला की धक्क्यावर बारा माणसं जमत नाहीत.