डुक्कर दाखवणारी मुलं एवढं रोखून का बघतात? | आयोवाची जत्रा, काठी आणि कासरा

नमस्कार मंडळी. ती रील आता मला पाठवू नका, बघितली मी. अमेरिकेतली जत्रा, जनावरं दाखवायची स्पर्धा, आठ-नऊ वर्षांचा पोरगा, शर्ट खोचलेला, हातात बारीक काठी, पुढ्यात डुक्कर. आणि हा डुकराकडे बघतच नाहीये, समोरच्या माणसाकडे असा बघतोय की आता खातोय की काय त्याला. खाली आपल्या लोकांच्या कमेंट: "याला एवढा राग कशाचा आलाय?" "डुक्कर चावलं वाटतं." आणि मग कोणीतरी मला टॅग करतं, की ताई, तुम्ही लहानपणी हेच करायचात ना, सांगा की जरा.

हो, हेच करायचे. बाबांची नोकरी बियाण्यांच्या संशोधनातली, म्हणून आम्ही अमेरिकेत, आयोवा राज्यात. गाव एवढंसं, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. तिथे चौथीत गेलं की मुलं फोर-एच नावाच्या मुलांच्या संघटनेत नाव घालतात. मीही घातलं. आमच्याकडे गोठा नव्हता, शेजारच्या शेतकऱ्याने त्याच्या शेडमधला एक कोपरा दिला. बदल्यात मी त्याच्याकडचं शेण काढायचे.

फोर-एच म्हणजे काय ते पटकन सांगते, नाहीतर त्यातच व्हिडिओ संपेल. १९०२ साली ओहायोत ए. बी. ग्रॅहॅम नावाच्या एका शिक्षणाधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या मुलांचं मंडळ काढलं, तिथून धरतात सुरुवात. त्याच सुमारास आमच्या आयोवात जेसी फील्ड नावाच्या बाई हेच काम करत होत्या. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य, इंग्रजीत चारही एचवरून, म्हणून चार पानांचं हिरवं चिन्ह. दुसरी संघटना एफएफए, १९२८ची, ती हायस्कुलातल्या शेती शिकणाऱ्या मुलांची. निळी कॉर्डरॉयची जाकिटं घालतात ती. जुलैत काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची जत्रा, ऑगस्टमध्ये डे मॉइनला राज्याची. झालं.

आता ते रोखून बघणं. रिंगणात दोन प्रकारच्या स्पर्धा असतात. एकात परीक्षक जनावर बघतो: हाड, मांस, चाल, पाठ. दुसऱ्यात तो तुम्हाला बघतो, म्हणजे तुम्ही जनावर कसं दाखवता ते. या दुसऱ्या प्रकारात डुक्कर कायम तुमच्या आणि परीक्षकाच्या मधे पाहिजे. परीक्षक रिंगणात कुठेही फिरतो, मुद्दाम वळसे घेतो, आणि त्याच्या मागे-पुढे आणखी दहा डुकरं हुंदडत असतात. तुम्ही डुकराकडे बघत बसलात तर परीक्षक कुठे गेला हेच कळत नाही. म्हणून नजर त्याच्यावर आणि डुक्कर डोळ्याच्या कोपऱ्यात. राग नाही तो. मात्र काही आयाबाया मुलांना घरी आरशासमोर उभं करून तो चेहरा घोटून घेतात, हेही खरं आहे. मला ते ध्यान दिसतं. परीक्षकांनाही दिसत असावं.

पुढचा प्रश्न: डुकराला दोर का लावत नाहीत? कारण त्याचं डोकं आणि मान एकाच जाडीची. पट्टा घातला की सुळकन पुढे निघून येतो. म्हणून डुक्कर मोकळं चालवतात. डाव्या गालाशी काठी टेकवली की उजवीकडे वळतं, उजव्या गालाशी टेकवली की डावीकडे. पुढे न्यायचं असेल तर खांद्यामागे, बरगडीवर. मागच्या पुठ्ठ्यावर नाही, पाठीवर तर नाहीच. हे सगळं कोणालाही एका संध्याकाळी येतं.

न येणारी गोष्ट वेगळी आहे, आणि आजचा व्हिडिओ खरं तर तिच्याबद्दल आहे. डुक्कर वळलं की काठी उचलायची.

बस्स? हो, बस्स. पण बघा तुम्ही, कुठल्याही जत्रेत जाऊन बघा. टेकवली, डुक्कर वळलं, आणि पोरगं अजून टकटक करतंय. टकटक, टकटक, टकटक. डुकराने काय समजायचं? वळलो तरी टकटक, नाही वळलो तरी टकटक. मग ते ऐकणंच बंद करतं, तोंड खाली घालतं आणि लाकडाच्या भुशात नाक खुपसून मस्त उकरत बसतं. मग पोरगं जोरात मारतं. मग मांसावर वळ उठतात आणि परीक्षक नाक मुरडतो. आणि मग आपल्याकडून कमेंट येते, "किती क्रूर आहेत हे लोक." क्रूर नाहीत हो, वेळेवर थांबत नाहीत.

(काठी कॅमेऱ्यापुढे धरून) ही बघा, ही माझी जुनी काठी. वजनच नाही हिला. ही मारायला नाहीच, ही फक्त सांगायला. सांगून झालं की गप्प बसायचं.

आता हेच वासराबद्दल. स्टीअर म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा. औताला नाही, मांसासाठी वाढवलेला. वसंतात जन्मतो, शरदात आईपासून तोडतात, तेव्हा वजन अडीचशे किलोच्या आसपास. आणि आपण असतो पाचवी-सहावीत. आता सांगा, कोण कोणाला ओढणार?

तरी सगळे ओढतातच. मोठी माणसंही. म्होरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोराचा फास, घालायची, दोर हातात घ्यायचा आणि मागे झुकून रस्सीखेच. वासरू पाय रोवतं, तुम्ही आणखी ओढता, ते आणखी रोवतं. ओढू नका! ताण द्या आणि धरून ठेवा, वाढवू नका. वासरू कंटाळून एक पाय पुढे टाकतं. अर्धा पाय का होईना. त्या क्षणी, दुसऱ्या सेकंदाला नाही, त्याच क्षणी दोर ढिला. त्याला कळतं, अच्छा, पुढे गेलं की गळ्याखालचं आवळणं थांबतं. पुढच्या वेळी दोन पावलं येतं.

आणि उलटंही तितकंच खरं, हे लोक विसरतात. वासराने मान झटकली, मागे सरलं, आणि तुम्ही घाबरून दोर सोडलात, तर तुम्ही त्याला काय शिकवलंत? झटकलं की सुटका. ते आयुष्यभर विसरत नाही ते. म्हणून मागे ओढतंय तोवर धरा, पुढे आलं की सोडा. कधी धरायचं हे सगळ्यांना येतं. कधी सोडायचं इथे घोळ होतो.

मधेच एक सांगते, कारण हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली असतो: "ताई, तुम्ही शाकाहारी ना? मग डुकरं?" आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात आईने नियम केला की गोठ्याचे कपडे मागच्या दारी काढायचे आणि थेट न्हाणीघरात. डुक्कर बघायला ती यायची नाही. मग एकदा तिला कळलं की पांढऱ्या डुकरांना ऊन लागतं, कातडी लाल होते, म्हणून त्यांना सनस्क्रीन लावतात. "अगं, एवढं महागाचं क्रीम डुकराला?" म्हणून बघायला आली, ती दर आठवड्याला यायला लागली. माझं डुक्कर हॅम्पशायर जातीचं होतं, काळं, खांद्यावरून पांढरा पट्टा. तिने त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं होतं. यॉर्कशायर पांढरी, ड्युरॉक तांबूस आणि कान पडलेली. बाकी जाती गूगल करा.

आजोबा आटपाडीचे. त्यांचं आयुष्य खिल्लार जातीच्या बैलांत गेलं, पुसेगावच्या यात्रेतल्या प्रदर्शनाला जाणं ठरलेलं. फोनवर त्यांचा एकच प्रश्न: "दात किती?" शहरातल्या मंडळींसाठी सांगते, आपल्याकडे जनावराचं वय दातावरून धरतात. दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत, दोन दात आले तो दुसा, चार आले तो चौसा. प्रदर्शनातले गटही तसेच. आयोवातला स्टीअर जत्रेला येतो तेव्हा जेमतेम सव्वा-दीड वर्षाचा, वजन सहाशे किलो. मी म्हणायचे, "आदत आहे, आजोबा." आणि वजन सांगितलं की पलीकडे शांतता. मग, "थापा मारू नको."

आजोबांना आवडेल अशी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. टेक्सासच्या जत्रांत ब्राह्मन नावाची जात असते, वशिंडाची, लोंबत्या कानांची. ती बनली आपल्याच गुरांपासून: गीर, गुजरात म्हणजे कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. त्यांची पैदासकार संघटना ह्यूस्टनला १९२४ साली स्थापन झाली. सांगली-मिरजेच्या बाजूची गुरं टेक्सासच्या रिंगणात कशी पोचली, हा वेगळा व्हिडिओ होईल. पाहिजे असेल तर खाली लिहा.

कुठे होते मी? हां, दोर.

साताऱ्याकडच्या एका दादांनी विचारलंय. त्यांना जर्सी कालवड तालुक्याच्या प्रदर्शनात न्यायची आहे. गोठ्यातून बाहेर येते, डांबरी रस्ता लागला की पाय रोवून उभी. ते लिहितात, "दोघं पुढून ओढतो, एक जण मागून शेपूट पिरगळतो, तरी हलत नाही." दादा, हलेल कशी? पुढून दोघांचा त्रास, मागून एकाचा. ती काय केलं तर हा त्रास थांबेल? काहीच केलं तरी नाही! मग ती उभी राहते, तेच तिला शहाणपणाचं वाटतं, आणि माझ्या मते तिचं बरोबरच आहे.

असं करा. शेपटीवाल्याला घरी पाठवा. पुढच्या दोघांतला एक जण चहाला जाऊ द्या. राहिलेल्याने समोर उभं राहायचं नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत. बाजूला, खांद्याजवळ उभं राहा आणि तोंड सरळ पुढे नाही, कुशीकडे वळवा. सरळ ओढलं की चारही पाय रोवता येतात. तोंड बाजूला वळलं की तोल सांभाळायला एक पाय हलवावाच लागतो. हलला की दोर ढिला. मानेवर खाजवा. परत. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आली तरी पुष्कळ. आणि येताना पाण्याकडे, दाण्याकडे आणा, म्हणजे वाटेच्या शेवटी काहीतरी आहे हे तिला कळेल. रस्त्याची सवय प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लावायची नसते. दोन-तीन महिने आधी, रोज थोडी.

त्याच कमेंटखाली दुसऱ्यांनी लिहिलंय, "आमच्याकडे वेसण असते, असल्या म्होरकीचं काय कौतुक." बरोबर आहे. आणि तुमचा खिल्लार वळू असेल तर वेसण काढून प्रयोग करायला जाऊ नका, मी सांगितलं म्हणून अजिबात नाही. पूर्ण वाढलेला बैल आणि खच्ची गोऱ्हा यांत फार फरक आहे. पण वेसणीलासुद्धा नियम हाच. चालायला लागला तरी कासरा ताणलेलाच असेल तर नाकपुडी सोलते आणि बैल मान वर करून, डोळे पांढरे करून चालतो. असा बैल प्रदर्शनात तुम्हाला आवडतो का बघायला?

रिंगणात काय करतात ते उरकते. चालताना तुम्ही जनावराच्या डाव्या अंगाला, दोर उजव्या हातात, काठी डाव्या. थांबलात की हात बदलायचे, दोर डाव्यात, काठी उजव्यात. काठीच्या टोकाला आकडा असतो, त्याने पाय नीट ठेवायचे, आणि मग पोटाखाली हळूहळू खाजवत राहायचं. जनावर शांत होतं आणि पाठ सरळ धरतं.

आणि केसांचं. रोज धुणं, मोठ्या ब्लोअरने वाळवणं, दुपारभर पंख्याखाली ठेवणं, म्हणजे उन्हाळ्यातही केस दाट राहतात. "माणसाला एसी नाही आणि गुरांना!" ही कमेंट शंभरदा वाचली, पुरे. माझा राग दुसराच आहे. जत्रेच्या सकाळी केस कातरायला पैसे देऊन माणूस बोलावतात. बाप फवारा मारतोय, काका पाय घासतोय, मुलगी खुर्चीत बसून फोनवर. आणि दहा मिनिटांनी दोर तिच्या हातात. काही जत्रांमध्ये यावर नियम आहेत, कुटुंबाबाहेरच्याने हात लावायचा नाही वगैरे. आणि तरी रिंगणात सगळं उघडं पडतं, कारण ही मुलगी कोण, हेच वासराला माहीत नसतं.

शेवटचा प्रश्न, तोच नेहमीचा: नंतर जनावराचं काय होतं? कत्तलखान्यात जातं. बहुतेक काउंटींमध्ये आधी लिलाव होतो, गावातले दुकानदार, बँक, ट्रॅक्टरवाले बाजारभावाच्या वर बोली लावतात. त्यातून दाण्याची उधारी फेडायची, उरलं ते बँकेत. प्रत्येक पोत्याचा, प्रत्येक औषधाचा हिशोब वहीत लिहायचा असतो, आणि औषध दिल्यावर कत्तलीआधी किती दिवस थांबायचं ते मुलांना पाठ असतं. मुलं रडतात. मीही रडायचे, आई तर माझ्याहून जास्त. "मग पाळता कशाला?" असं ज्यांनी विचारलं, त्यांतल्या निम्म्यांच्या प्रोफाइलवर मटणाच्या थाळीचा फोटो आहे. मी फक्त नोंद केली.

साताऱ्याचे दादा, कालवड फाटकापर्यंत आली की व्हिडिओ पाठवा. तिचं तोंड नाही, तुमचा दोराचा हात दिसला पाहिजे. आणि मोबाइल आडवा धरून काढा.