शाहू मिलचं फाटक आधी उघडूया

अध्यक्ष महोदय आणि कोल्हापूरकर मित्रहो,

शाहू मिलचा, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या आणि आता बंद असलेल्या कापडगिरणीचा, विषय निघाला की या शहरात दोनच प्रश्न विचारले जातात. तिथं महाराजांचं स्मारक कधी होणार, आणि निधी किती आला? हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांच्याआधी एक प्रश्न आहे आणि त्यावर आपण फारसं बोलत नाही: त्या जागेत रोज सकाळी कोण जाणार, कशासाठी जाणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा का जाणार? शहराच्या मध्यावर पडून राहिलेली जागा बांधकामाने जागी होत नाही, माणसांच्या वावराने होते. म्हणून वापर आधी सुरू करावा आणि आराखडा त्या वापराकडे बघून काढावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यासाठी आज तुमच्यापुढे आलो आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी काय केलं ते ओळीने बघा. 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ. 1906 मध्ये, 27 सप्टेंबरला, या गिरणीची मुहूर्तमेढ. नंतर राधानगरीच्या धरणाचं काम. 1912 मध्ये खासबाग मैदान. 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. वीस वर्षांत बाजार, कारखाना, पाणी, कुस्ती आणि नाटक. यातली एकही वास्तू नुसती बघण्यासाठी बांधलेली नाही; प्रत्येक ठिकाणी माणसानं येऊन काहीतरी करायचं आहे. खासबाग आणि नाट्यगृह तर पाठीला पाठ लावून उभे केले. शहर म्हणजे काय याची इतकी स्पष्ट समज असलेल्या राजाचं स्मारक करताना, हार घालून परत फिरण्याची जागा करून आपल्याला कसं चालेल?

गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला ते या सभागृहात बरेच असतील. भोंग्यावर घड्याळं लागायची, पोरं शाळेला निघायची, घरात चुलीवर भात चढायचा. पुढे गिरणी राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2003 मध्ये बंद पडली. सुमारे 27 एकर जागा, शेजारी कोटीतीर्थ तलाव, चारी बाजूंनी दाट वस्ती, आणि मध्ये कुलूप. राजारामपुरीतल्या किंवा यादवनगरातल्या माणसाला ही जागा म्हणजे फक्त एक लांबलचक भिंत, जिला वळसा घालून पुढं जायचं.

2022 मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला ते कुलूप निघालं. 6 मे रोजी शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं, ते सगळ्यांना आठवतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्या दिवसांत गिरणीच्या आवारात जे घडलं ते. प्रदर्शनं लागली, कार्यक्रम झाले, आणि ज्यांनी आयुष्यात त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं ती कुटुंबं मुलाबाळांना घेऊन आत फिरली. त्यासाठी कुठलीही भव्य इमारत बांधावी लागली नाही. दगडी भिंती होत्या, चिमणी होती, सावली होती. बाकीचं लोकांनी आणलं. मग स्मृतिशताब्दीचं पर्व संपलं आणि वर्दळही संपली. माझ्या मते त्या काही आठवड्यांत शहरानं स्वतःच आराखड्याचा पहिला कागद काढला होता. तो पुढे न्यायचं राहिलं.

आता थोडं लांब जाऊ. ब्राझीलमध्ये साओ पाउलो नावाचं अफाट शहर आहे. तिथल्या पोंपेया भागात लोखंडी पिंपं बनवायचा एक जुना कारखाना होता. व्यापार क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी काम करणाऱ्या 'सेस्क' या संस्थेनं 1971 मध्ये तो विकत घेतला. जुनं पाडून नवं केंद्र बांधायचा विचार होता. 1976 मध्ये हे काम लीना बो बार्दी या वास्तुविशारद बाईंकडे आलं. त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा कारखाना रिकामा होता आणि त्यांनी त्याचा सांगाडा बघितला. दुसऱ्यांदा गेल्या त्या शनिवारी. बघतात तर आत माणसंच माणसं. मुलं धावताहेत, छपरातून गळणाऱ्या पावसात पोरांचा फुटबॉल चाललाय, आया खायचं करताहेत, एका बाजूला बाहुल्यांचा खेळ, म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली. बाईंनी ठरवलं की हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया हा एवढाच आहे.

कारखाना पाडला नाही. भिंतींवरचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या. मधली गल्ली गल्लीच ठेवली, फरशीची, दोन्ही बाजूंना शेड. एका शेडमध्ये नाट्यगृह, एकात मातीकाम, सुतारकाम, विणकाम, छपाईच्या कार्यशाळा, एकात लांब टेबलांचं भोजनगृह, जिथं अनोळखी माणसं शेजारी बसून जेवतात. सगळ्यात मोठी शेड मोकळी सोडली. तिच्यात वाचायला ओटे केले, शेकोटी केली आणि जमिनीतून वळणं घेत जाणारा पाण्याचा एक उथळ प्रवाह केला. त्याला त्यांनी साओ फ्रान्सिस्को या त्यांच्या देशातल्या मोठ्या नदीचं नाव दिलं. ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातून पोट भरायला आलेल्या कामगारांची ती नदी. त्या शेडमध्ये पत्ते खेळा, पेपर वाचा, झोपा. का आलात असं कुणी विचारत नाही. बांधकामाच्या वर्षांत बाईंचं ऑफिस तिथंच होतं, कामगारांच्या शेजारी. 1982 मध्ये कारखान्याचा भाग लोकांसाठी खुला झाला, 1986 मध्ये खेळांच्या उंच इमारती झाल्या. आजही ती जागा गजबजलेली असते.

हे टिकलं कशामुळे? नुसत्या सुंदर रचनेमुळे नाही. सेस्कला तिथल्या व्यापारी कंपन्यांच्या पगारपटावर दीड टक्का वर्गणी कायद्यानं मिळते. म्हणजे झाडणारा, दिवे बदलणारा, कार्यशाळा शिकवणारा यांचा पगार ठरलेला आहे आणि तो पुढच्या निवडणुकीवर अवलंबून नाही. आपल्याकडे उद्घाटनापर्यंतचा पैसा उभा राहतो, त्यानंतरचा राहत नाही. नाट्यगृह असो की बाग, तिसऱ्या वर्षी नळ तुटतो आणि तो तुटलेलाच राहतो.

मुंबईत काळा घोडा परिसरात दुसऱ्या वाटेनं तेच साधलं. तिथं जहांगीर कलादालन आहे, वस्तुसंग्रहालय आहे, डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, म्हणजे संस्था मातब्बर. पण मधला चौक मोटारी उभ्या करायची जागा होता. 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि 1999 पासून महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारीतले काही दिवस मोटारी हटवायच्या आणि रस्ता माणसांना द्यायचा. प्रवेश फुकट. महोत्सवातून उभा राहिलेला पैसा परिसराच्या डागडुजीला लावायचा. आधी उपयोग, त्यातून आपुलकी, आपुलकीतून पैसा, पैशातून दुरुस्ती. आता तिथली गर्दी आणि प्रायोजकांचे फलक फार वाढलेत अशी तक्रार होते आणि ती खरी आहे. तरी ज्या जागेतून लोक नाक मुठीत धरून निघून जायचे तिथं ते थांबू लागले, हे नाकारता येणार नाही.

आणि मुंबईनेच आपल्याला उलटी गोष्टही दाखवली आहे. तिच्याबद्दल बोलताना मला आजही त्रास होतो. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. मागे उरली सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या पोटात. 1991 च्या नियमानं तिचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं 1996 मध्ये सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करायला सुचवलं होतं. म्हणजे रस्ते, मैदानं, स्टेशनांकडे जाणाऱ्या पायवाटा एकमेकींना जोडता आल्या असत्या. पण 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची झाली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबातून गेली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. एक तुकडा मॉल झाला, दुसरा टॉवर, तिसरा ऑफिसं. दशावतार, भजनी मंडळं, शाहिरी, खानावळी, व्यायामशाळा, गणपतीचे देखावे, अशी एक आख्खी लोकसंस्कृती ज्या चाळींतून वाढली, त्या चाळीतल्या माणसाला गिरणीच्या फाटकातून आत जायचं कारणच उरलं नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं, ते चांगलंच आहे. पण सहाशे एकरांच्या हिशेबात ते केवढं!

कोल्हापूरचं भाग्य असं की आपली गिरणी एकच आहे, अखंड आहे, आणि जमीन सरकारी महामंडळाकडची आहे. इथं मालकाशी वाटणी करायची नाही. तेव्हा मी काही सुचवतो, तुम्ही त्यावर वाद घाला.

स्मारकाचे नकाशे, निविदा, मंजुऱ्या त्यांच्या गतीनं चालू द्या. तोवर धोकादायक भाग कुंपण घालून वेगळा करावा आणि बाकीचं आवार रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडावं. पिण्याचं पाणी, दिवे, बसायला कट्टे, आणि स्वच्छ स्वच्छतागृहं, विशेषतः बायकांसाठी. बाई तीन तास निर्धास्त बसू शकत नसेल तर ती जागा सार्वजनिक नाही, मग तिथं कितीही शिल्पं उभी करा. कोटीतीर्थाच्या बाजूनं पायी येण्याजाण्याची वाट करावी, म्हणजे तलाव आणि गिरणी मिळून सकाळच्या फिरण्याचा एक रस्ता होईल. आवारातलं एकही मोठं झाड तोडू नये.

मग शेड. गिरणीतली विणकामाची शेड कशी असते ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, एका बाजूला उतरतं आणि एका बाजूला उभं. उभ्या बाजूला काचा, आणि त्या उत्तरेकडे. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा राहतो. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, तुटलेला धागा कामगाराला दिसावा म्हणून ही सगळी योजना. नेमका हाच उजेड चित्रकाराला लागतो. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात, दळवीज आणि कलानिकेतन या कलाशाळांमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात, त्यांना मोठा कॅनव्हास उभा करायला जागा परवडत नाही. तालमीसाठी नाटकवाल्यांचीही तीच ओढाताण. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा हौशी नाट्यसंस्थांवर काय वेळ आली ते आपण पाहिलं. मोठ्या नाट्यगृहाला पर्याय म्हणून नव्हे, पण दीडशे प्रेक्षकांचा साधा रंगमंच आणि तालमीच्या तीन-चार खोल्या एका शेडमध्ये सहज बसतील.

कारागिरांना गाळे द्यावेत, पण कायमचे नाहीत. कायमचा गाळा हातोहात फिरतो आणि काही वर्षांनी तिथं कोल्हापुरी चपलेऐवजी भलतंच विकायला लागतं. चप्पल 2019 पासून भौगोलिक मानांकनाची धनी आहे. ती तिथं शिवली जाताना दिसावी, कातडं कमावण्यापासून वेणी घालेपर्यंत. हुपरीची चांदी तशीच. आणि इचलकरंजीला, जिथं 1904 मध्ये यंत्रमाग आला आणि आज त्याच धंद्यावर गाव चालतं, तिथून दोन-चार माग आणून चालू ठेवावेत. कापडाच्या गिरणीत कापड विणलं जावं, त्याचा आवाज यावा. काचेच्या पेटीतला माग मुलांना काही सांगत नाही.

कारभार कुणाचा हा खरा कळीचा मुद्दा. एकाच खात्याकडे किल्ल्या दिल्या तर सुटीच्या दिवशी फाटक बंद राहील, हे मी लिहून देतो. शासन, महापालिका, विद्यापीठ, पेठांमधल्या तालीम मंडळांचे प्रतिनिधी, कारागीर, कलावंत आणि गिरणीचे जुने कामगार यांचा एक न्यास असावा. आवाराचा ठरावीक भाग भाड्यानं द्यावा आणि ते भाडं फक्त देखभालीलाच खर्च होईल असं न्यासाच्या घटनेत लिहावं. खुल्या जागेला तिकीट कधीही लावू नये.

जुन्या कामगारांचं नाव मी मुद्दाम घेतलं. जर्मनीत एसेन शहरात त्सोलफेराइन नावाची कोळशाची खाण 1986 मध्ये बंद झाली, 2001 मध्ये जागतिक वारसा ठरली. तिथं पाहुण्यांना फिरवून माहिती देणाऱ्यांत जुने खाणकामगार होते. आपण कुठं उभे राहायचो, धूळ किती असायची, हे ते स्वतः सांगायचे. आपले कामगार आज साठी-सत्तरीत आहेत. त्रासन, म्हणजे सूतकताईचं, खातं कुठं होतं, साचे कुठं होते, गैरहजर कामगाराच्या जागी रोज काम मागायला येणाऱ्या बदलीवाल्यांची रांग कुठं लागायची, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उधारीवाले कसे उभे असायचे, हे फक्त त्यांना माहीत आहे. कुठल्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात ते सापडणार नाही. यासाठी निविदा लागत नाही. विद्यापीठातली वीस मुलं, मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण आणि एक उन्हाळा पुरेल. गिरणीचा नकाशा घेऊन त्या माणसांच्या घरी जायचं आणि त्यांच्या बोटानं त्यावर खुणा करून घ्यायच्या. सभेनंतर दाराशी एक वही ठेवली आहे. तुमच्या घरात, गल्लीत, नात्यात कुणी शाहू मिलमध्ये काम केलेलं असेल तर जाताना त्यांचं नाव आणि खातं तिच्यात लिहून जा.