पुण्याचं नाव आणि पुण्याचं पाणी

(लातूर इथल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, तुम्ही विषय दिलात 'राहण्यासाठी उत्तम शहर'. मी तो उलट्या बाजूने घेणार आहे. ज्याची वाहवा लायकीपेक्षा जास्त झाली आहे अशा एका शहराबद्दल मला बोलायचं आहे, आणि ते शहर पुणे आहे. मी तिथेच राहतो. शहरावर माझा जीव आहे. तरीही हे पुण्यात बोलण्यापेक्षा लातुरात बोलणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण पुण्याच्या नावाची किंमत जुना पुणेकर मोजत नाही. ती लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरची घरं मोजतात. शेत विकून पोराला वाघोलीत नाहीतर उंड्रीत फ्लॅट घेऊन दिला, अशी कुटुंबं तुमच्या ओळखीत असणारच.

हे नाव वाढवण्यात सरकारी याद्यांचाही हात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने राहण्यायोग्य शहरांची यादी काढली. १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. पुण्यात फलक लागले, बिल्डरांच्या जाहिरातींत तो क्रमांक झळकला. त्याच यादीत बंगळुरू ५८वं होतं. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं. अडीच-पावणेतीन वर्षांत कुठलं शहर ५८व्या जागेवरून पहिलं होतं? मोजण्याची रीत बदलली होती, शहरांचे गट बदलले होते. उलट टॉमटॉम या कंपनीने २०२४ सालची वाहतूक मोजली, त्यात १० किलोमीटर जायला पुण्यात सरासरी ३३ मिनिटांहून जास्त लागतात असं निघालं. मंदगतीत जगात चौथा क्रमांक. या क्रमांकाचे फलक कुणी लावले नाहीत.

पण माझा आक्षेप क्रमांकाहून खोल आहे. पुण्याचं नाव ज्या गोष्टींवर उभं राहिलं त्या आठवा. खडकवासल्याचं धरण १८७९चं. फर्ग्युसन १८८५चं. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासाची भांडारकर संस्था १९१७ची. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासूनचा. पेठा, डेक्कन, कॅम्प, टेकड्या, थंड हवा, आणि सायकलवर कुठेही वीस मिनिटांत पोचता येईल इतका गावाचा आवाका. हे सगळं खरं होतं, बरंचसं आजही आहे. भांडारकरच्या ग्रंथालयात बसलेली दुपार किंवा वेताळ टेकडीवरची सकाळ याला मी कधीच कमी लेखणार नाही. फक्त हे सगळं काही किलोमीटरांच्या वर्तुळात आहे आणि तिथे नव्याने येणाऱ्याला घर परवडत नाही. त्याला घर मिळतं वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. पत्त्यावर मात्र पुणे लिहिलेलं असतं, आणि फ्लॅटचा भाव त्या अक्षरांचा असतो.

२०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळात पुणे मुंबईपेक्षाही मोठं झालं. नकाशावर रेघ एका अधिसूचनेने सरकते. पाण्याची नळी, सांडपाण्याची वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र तसं सरकत नाही.

यातलं एक गाव नांदेड. आपलं गोदाकाठचं नव्हे, सिंहगड रस्त्यावरचं. शेजारी किरकटवाडी, पुढे धायरी. जानेवारी २०२५ मध्ये या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. आधी जुलाब होतात, मग काही रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतली ताकद जाते. कुणाला जिना चढता येईना, कुणाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काहींचा जीव गेला. पुणे आणि परिसरात मिळून रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा एक जिवाणू बऱ्याच नमुन्यांत सापडला.

आता भूगोल बघा. नांदेड गाव खडकवासला धरणापासून काही किलोमीटरवर. शहराला पाजायचं पाणी धरणातून निघतं आणि सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यातून पर्वतीच्या जलकेंद्राकडे जातं. तिथे ते गाळून, शुद्ध होऊन पेठांत येतं. वाटेवरच्या गावांना मिळत होतं ते विहिरीत साठवलेलं, शुद्धीकरण केंद्रातून न गेलेलं, फक्त क्लोरिन मारलेलं पाणी. धरण उशाला, महापालिकेची हद्द दारात, आणि नळाला असं पाणी. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ पासून पुण्यातच मोजली जातात. म्हणून 'पुणे राहायला कसं आहे' या प्रश्नाचं उत्तर मी सदाशिव पेठेत मागत नाही. नांदेड गावात कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाने ते द्यावं, आणि त्याचं उत्तर यादीत सगळ्यात वर धरलं जावं.

पूर्वेला वाघोली, दक्षिणेला उंड्री. तिथली गोष्ट टँकरची. इमारतीला परवानगी घेताना बिल्डर हमीपत्र देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. फ्लॅट विकले जातात, सोसायटी स्थापन होते, ताबा दिला जातो, आणि ते हमीपत्र फायलीत राहतं. टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. मार्च उजाडला की टँकरचा दर चढतो. पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, हे विचारायची सोय नसते. हिंजवडीची वेदना आणखी वेगळी. देशभरात नाव झालेलं आयटी पार्क, आणि खालचा कारभार ग्रामपंचायतीचा, एमआयडीसीचा, पीएमआरडीए या पुणे महानगर विकास प्राधिकरणाचा, थोडा थोडा वाटून घेतलेला. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं की जबाबदारी कुणाची हे ठरायलाच आठवडा जातो. तिथून शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्यानंतर एकामागून एक मुदती उलटत गेल्या.

हे तुमच्यापुढे सांगताना मला जड जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. पाण्याची ददात संपावी म्हणून इथून निघालेलं माणूस पुण्यात जाऊन पुन्हा टँकरची वाट बघतं, आणि त्यासाठी वीस वर्षांचा हप्ता भरतं. यात त्याची चूक मुळीच नाही. त्याला जे शहर सांगितलं गेलं ते वेगळं होतं आणि विकलं गेलं ते वेगळं.

बघायला म्हणून पुणं कसं, तेही विचारलं जातं. शनिवारवाड्याचा तट आणि जोती पाहा, वाडा १८२८च्या आगीत गेला. केळकर संग्रहालय चुकवू नका. रविवारी सिंहगडावर मात्र जाऊ नका. घाटात गाड्यांची रांग लागते. याहून जास्त मला त्यावर बोलायचं नाही.

बोलायचं आहे ते स्पर्धा परीक्षेच्या मुलांबद्दल. सदाशिव, नारायण, नवी पेठ. एका खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं भरून, चार-पाच जण, महिन्याची अभ्यासिका, दोन वेळची मेस. घरून येणारे पैसे सोयाबीनच्या भावावर अवलंबून. एमपीएससीचा अभ्यासक्रम लातुरात वेगळा नाही आणि पुस्तकंही तीच आहेत. दहावी-बारावीसाठी महाराष्ट्रभरातून मुलं लातूरला येतात, ही ताकद या गावाने स्वतः उभी केली. मग पदवीनंतर तोच मुलगा पुण्याच्या कोंदट खोलीत का जातो? मला पटलेलं कारण एकच: पुण्यात असणं हीच तयारी आहे असं घरादाराला वाटू लागलं आहे. सोबतीचा, चर्चेचा फायदा होतो, तो मी नाकारत नाही. पण ती सोबत इथेही जमवता येते. चांगली अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवणं हे नगरपालिका-महापालिकांच्या आवाक्यातलं काम आहे.

संस्था हलू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली. वकिलांनी आणि नागरिकांनी ते मागून मागून मिळवलं.

मघाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: मुलाला हिंजवडीत नोकरी लागली आहे, फ्लॅट घ्यावा का? काका, नोकरी घेऊ दे, आनंदाची गोष्ट आहे. फ्लॅट लगेच घेऊ नका, भाड्याने राहू दे. घ्यायची वेळ येईल तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघू नका. शेजारच्या, दोन-तीन वर्षं राहती असलेल्या सोसायटीत जा, एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा, नळाला पाणी कोणाचं ते विचारा, आणि सकाळी साडेआठला तिथून मुलाच्या कंपनीपर्यंत त्याच्यासोबत एकदा स्वतः जाऊन या. बिलं दाखवायला कुणी तयार नसेल तर तिथून उठून या. शेत विकायचा कागद त्याआधी करू नका.