दिसतं तेवढंच काढा

(निवेदन)

लहान कॉलेज. पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राला जेमतेम वीस-बावीस जण आणि मायक्रोस्कोप चार. तास घेणाऱ्या, प्रॅक्टिकल घेणाऱ्या आणि जर्नल तपासणाऱ्या मॅडम एकच. यातले बरेचजण पुढे वेगळे विषय घेतील. म्हणून मॅडमना हेच वर्ष सगळ्यात मोलाचं वाटतं.

(दृश्य : चिमट्यात धरलेला कांद्याचा पापुद्रा)

कांद्याच्या आतल्या बाजूचा हा पापुद्रा. पाण्याच्या थेंबात पसरायचा, घडी पडू द्यायची नाही. वर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप, म्हणजे झाकणारी पातळ काच, सुईच्या टोकावर तिरकी धरून हळूहळू टेकवायची. सरळ ठेवली की हवा अडकते.

अडकतेच. "मॅडम, पेशी दिसली! गोल आहे, कडा काळीभोर!"

मॅडम आयपीसला डोळा लावतात. "सुईने कव्हरस्लिप जरा दाब बघू. आता?"

"सरकली."

"मग पेशी कशी असेल?"

बुडबुडा ओळखता आला की पुढे विटांच्या भिंतीसारख्या रांगा दिसायला लागतात. प्रत्येक विटेत एक पिवळसर ठिपका : केंद्रक.

खरी अडचण जर्नलमध्ये येते. आज चौघांच्या आकृतीत हिरवे ठिपके आहेत.

"हिरवं कुठे दिसलं रे तुला?"

तो गप्प. मग हळूच म्हणतो, "पुस्तकात."

मॅडम रागावत नाहीत. कांदा वाढतो कुठे, एवढंच विचारतात. जमिनीत. तिथे उजेड नाही, म्हणून या पापुद्र्यात हरितलवकंही नाहीत, म्हणजे पानांना हिरवं करणारे ते ठिपके. आणि केंद्रक मधोमध का नाही? कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या मोठ्या पिशवीने, व्यापलेली असते. केंद्रक कडेला ढकललं जातं. एका चुकीच्या आकृतीतून अर्धा तास शिकवणं होतं. वर्गात दोनशे जण असते, तर त्या हिरव्या ठिपक्यांवर नुसती लाल फुली पडली असती.

1665 मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात रिकामे कप्पे पाहिले. त्यांना 'सेल' हे नाव त्यांनीच दिलं. बूच मृत ऊतींचं. आत काही उरलेलं नव्हतं. हूक यांनीही आत काही रंगवलं नाही. ती रिकामी चौकट हा निरीक्षणाचा उत्तम धडा आहे, असं मला वाटतं.

(दृश्य : तोच मुलगा, नवी स्लाइड)

आता ताजा पापुद्रा, आयोडीन न घालता. आयोडीनने पेशी मरते. ही जिवंत आहे. उजेड थोडा कमी केलाय. चाळीसचं ऑब्जेक्टिव्ह, दहाचं आयपीस : चारशे पट.

बराच वेळ तो वर बघतच नाही.

"मॅडम... आत काहीतरी सरकतंय. बारीक बारीक कण. भिंतीच्या कडेकडेने."

पेशीद्रव वाहतो आहे. पुस्तकातल्या आकृतीत हे नाही.

"काढ मग."

"हलणारं कसं काढू?"

मॅडम पुढच्या टेबलाकडे वळतात. तो पेन्सिल हातात धरून थांबतो, पुन्हा आयपीसमध्ये बघतो. मग पेशीच्या भिंतीलगत एक छोटासा बाण काढतो.