काउंटडाउन भारी का मैफल? टीव्हीवरच्या जुन्या रॉक-पॉपचं भांडण

राम राम मंडळी. मागच्या रविवारी आमच्या कट्ट्यावर जे भांडण झालं, ते आज कॅमेऱ्यासमोर आणायलोय. विषय होता, ब्रिटनच्या बीबीसी टीव्हीवरचा गाण्यांचा जुना कार्यक्रम कोणता भारी. दोन पार्ट्या पडल्या. एक ‘टॉप ऑफ द पॉप्स’वाल्यांची. त्यांना बाकीचे म्हणे, तुमचा कार्यक्रम म्हणजे निव्वळ फसवाफसवी, गायक नुसते ओठ हलवायलेत. दुसरी पार्टी ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’वाल्यांची. तिथं म्हणे सगळं खरं, अस्सल, लाईव्ह.

आधीच सांगतो, मी पहिल्या बाजूचा आहे. ओठ हलवणाऱ्यांच्या. कामून, ते सांगतो.

एक सूचना: क्लिपा दाखवणार नाही. दहा सेकंद दाखवली तरी कॉपीराइटचा दावा येतो अन् व्हिडिओ खाली जातो. कार्यक्रमाचं नाव आणि साल स्क्रीनवर देतो, तुम्ही शोधून बघा.

[स्क्रीनवर: टॉप ऑफ द पॉप्स, बीबीसी, 1964 ते 2006]

हा कार्यक्रम 1 जानेवारी 1964 ला सुरू झाला. मँचेस्टरमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत स्टुडिओ केला होता, तिथून. पहिल्याच भागात रोलिंग स्टोन्स होते. मांडणी एकदम साधी, काउंटडाउनची. त्या आठवड्यात इंग्लंडात कोणत्या रेकॉर्डी जास्त खपल्या, ती यादी घ्यायची अन् त्यातली गाणी वाजवायची. नियम कडक होते. ज्याचा नंबर खाली घसरला ते गाणं घ्यायचं नाही. एकच गाणं लागोपाठ दोन आठवडे नाही, अपवाद फक्त एक नंबरचा. आणि शेवट एक नंबरच्या गाण्यानं.

याचा अर्थ काय झाला? निर्मात्याला गाणं आवडो न आवडो, ते लागणारच. लोकांनी दुकानात पैसे मोजलेत ना, मग दाखवा. त्यामुळं एकाच भागात डेव्हिड बोवीसारखा मोठा रॉक गायक पण येणार आणि त्याच्या मागं एखादं बालिश विनोदी गाणं पण येणार. जाणकारांना हे खटकतं. मला नेमकं हेच आवडतं. त्या आठवड्यात लोक खरंच काय ऐकत होते, ते तुम्हाला जसंच्या तसं दिसतं, निवडून-पाखडून नाही.

आता ओठ हलवण्याचा मुद्दा. गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवा. मागं ट्रॅक चालू असतो, कीबोर्डवाला बोटं नाचवतो, कळणाऱ्याला कळतं, बाकीचे नाचतात. तिथंही तसंच होतं. 1966 साली तिथल्या वादकांच्या युनियननं रेकॉर्डवर नुसते ओठ हलवायला बंदी घातली. वाजवणाऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. मग तोडगा निघाला: बँडनं कार्यक्रमासाठी तेच गाणं नव्यानं वाजवून ट्रॅक तयार करायचा. युनियनचा माणूस बघायला यायचा. अन् पुष्कळदा काय व्हायचं, त्याला चहापाण्याला बाहेर नेऊन नव्या टेपच्या जागी गुपचूप जुनीच टेप ठेवायची. हे किस्से त्या काळच्या मंडळींनीच पुढं सांगितलेत.

बरं, बँडवाले तरी गप्प बसणारे थोडेच! 1971 ला रॉड स्टुअर्टच्या ‘मॅगी मे’ला मँडोलिन हातात घेऊन कोण बसलंय, तर जॉन पील. रेडिओचा निवेदक! त्याला मँडोलिन येत नव्हतं, अन् बाकीचे मधेच स्टेजवर फुटबॉल खेळायला लागले. 1995 ला ओएसिस बँडच्या दोघा भावांनी जागा बदलल्या, गाणारा गिटार घेऊन उभा आणि गिटारवाला माईकसमोर. आणि 1991 चा निर्वाणा बँडचा भाग तर बघाच. वाद्यं ट्रॅकवर, फक्त गाणं लाईव्ह, असा नियम होता. त्यांचा गायक कर्ट कोबेन गाणं असं जड, खर्जातल्या आवाजात म्हणतो की ऐकणारा गारच. बाकीचे गडी वाद्यं वाजवण्याचं सोंगसुद्धा नीट करत नाहीत. लाईव्हवाले म्हणतात, बघा, कार्यक्रम किती खोटा. मी म्हणतो, या खोट्यातूनच तर एवढी खरी चेष्टा बाहेर आली.

[स्क्रीनवर: ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट, बीबीसी 2, 1971 ते 1988]

आता दुसरी पार्टी. ही मैफल. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, झगमगाट नाही. भिंती उघड्या, स्टुडिओ इतका चिमुकला की ड्रमसेट मांडला की अर्धी जागा गेली. बॉब हॅरिस नावाचा दाढीवाला निवेदक इतक्या हळू बोलायचा की त्याचं नावच ‘व्हिस्परिंग बॉब’ पडलं. हिट गाण्यांशी संबंध नाही, इथं अल्बम ऐकायचे. 1973 ला जमैकाचा बॉब मार्ली आणि त्याचा वेलर्स बँड इथं वाजवून गेले, ते बघताना अंगावर काटा येतो, हे मी मान्य करतो. त्याच वर्षी न्यूयॉर्क डॉल्स बँडवाले आले, लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून. ते संपल्यावर बॉब हॅरिस गालात हसून त्यांना ‘मॉक रॉक’ म्हणाला. म्हणजे रॉकची नक्कल. पुढं पंकवाल्यांनी, म्हणजे बंडखोर रॉकच्या नव्या पोरांनी, या एका शब्दावरून त्याला कधी माफ केलं नाही.

मैफलवाल्यांचा हाच तर घोटाळा आहे. मैफलीला यजमान लागतो, आणि यजमानाची आवड मधे येते.

अन् आमच्या कट्ट्यावर जे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं शांतता पसरली, ते पण ऐका. पहिली दोनेक वर्षं व्हिसल टेस्टमध्येही सगळं लाईव्ह नव्हतं! वाद्यांचा ट्रॅक बऱ्याचदा आदल्या दिवशी वाजवून ठेवायचे, त्यावर गाणं मात्र बहुतेक लाईव्ह. 1973 नंतर सगळं लाईव्ह झालं. आणि एखादा बँड आलाच नाही तर त्याच्या गाण्यावर जुन्या मूक चित्रपटांचे नाहीतर कार्टूनचे तुकडे जोडून दाखवायचे. फिलिप जेन्किन्सन नावाचा जुन्या फिल्मांचा संग्राहक हे तुकडे पुरवायचा. मला विचाराल तर हे तुकडे कधी कधी बँडपेक्षा भारी असायचे.

एमटीव्ही अनप्लग्डचंही तेच. एमटीव्ही या गाण्यांच्या चॅनलवर 1989 ला सुरू झालं, नाव काय तर अनप्लग्ड, म्हणजे विजेची जोडणी काढून साध्या वाद्यांवर. 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये निर्वाणानं जी मैफल केली, ती या पठडीतली सगळ्यात मोठी मानतात, मीही मानतो. पण बोवीचं ‘द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड’ लागतं तेव्हा गिटार नीट ऐका. तो आवाज ॲम्प्लिफायरचा आहे, ॲम्प स्टेजवर होता, नुसता झाकलेला. दोन वर्षांआधी ओठांची टिंगल करणारा तोच गडी, तोच बँड. मग लाईव्ह कुठं संपतं अन् सोंग कुठं सुरू होतं, तुम्हीच सांगा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो ओठांचा नाहीच, तो टेपचा आहे.

साठ-सत्तरच्या दशकात टीव्हीचं रेकॉर्डिंग दोन इंच रुंदीच्या चुंबकी टेपवर व्हायचं. ती टेप भयंकर महाग, पण पुसून पुन्हा वापरता यायची. घरी व्हिडिओ बघायची सोय अजून आलेली नव्हती, त्यामुळं जुना भाग विकायला बाजार नाही. कलाकार-वादकांच्या करारांमुळं पुन्हा दाखवायलाही मर्यादा. मग हिशोब सोपा झाला, पुसा अन् नवीन भरा. त्यातही नाटकाला, बातम्यांना थोडा तरी मान होता. दर आठवड्याची हिट गाणी कोण ठेवणार? बीबीसीनं जपणुकीचं धोरण बदललं ते 1978 च्या सुमाराला.

परिणाम असा की 1964 ते 1973 या काळातल्या टॉप ऑफ द पॉप्सच्या साधारण 500 भागांपैकी संग्रहात पूर्ण उरलेत फक्त 20 च्या आसपास. 2011 ला बीबीसी फोरनं जुने भाग पुन्हा दाखवायला घेतले तेव्हा सुरुवात केली 1976 पासून, कारण त्याच्या आधी सलग काही शिल्लकच नाही. उरलेल्यांतलेही काही पुन्हा लावत नाहीत, कारण त्यांचा निवेदक जिमी सॅव्हिल. पहिल्या भागाचा निवेदकही तोच. त्याचे मुलांवरचे अत्याचार 2012 ला उघड झाले.

बीटल्स या कार्यक्रमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष आले ते एकदाच, 16 जून 1966. ती टेप पुसली. बीटल्सची! नंतर, 2019 ला, 11 सेकंदांची फिल्म सापडली. कुणीतरी टीव्हीसमोर कॅमेरा धरून पडदाच चित्रित केला होता. आवाज नाही. पण जगातले बीटल्सचे चाहते त्या 11 सेकंदांवर तुटून पडले.

दुसरा किस्सा मला त्याहून आवडतो. जानेवारी 1973, बोवी ‘द जीन जिनी’ गायला आला, आणि हे मात्र खरोखर लाईव्ह होतं. कॅमेरामन जॉन हेनशॉल यानं स्वतःचं एक फिशआय, म्हणजे गोलसर रुंद चित्र टिपणारं, भिंग लावून काही शॉट घेतले होते. त्याला वाटलं, आपल्या कामाचा नमुना म्हणून एक प्रत असावी. मागून घेतली, घरी ठेवली. बीबीसीकडची पुसली गेली. हेनशॉलला वर्षानुवर्षं पत्ताच नाही की जगातली एकमेव प्रत आपल्या घरात आहे. 2011 च्या डिसेंबरात ती पुन्हा टीव्हीवर लागली.

म्हणजे व्हिसल टेस्ट आपल्याला जास्त थोर वाटते, त्यातला निम्मा वाटा तिच्या टेपा जास्त उरल्या याचा आहे. हा हिशोब मैफलवाले कधी मांडत नाहीत. आणि टेपा ठेवायच्याच म्हटलं तर ठेवता येत होत्या. ब्रेमेन रेडिओचा ‘बीट-क्लब’ बघा, 1965 ते 1972, निवेदिका उशी नेर्के. 1969 संपता संपता रंगीत झाला. आज त्याचे भाग काय सुंदर अवस्थेत मिळतात! कार्यक्रम कुठला, तर जर्मनीचा. आता ‘जगात जर्मनी’ म्हणून झालं की पुढचं वाक्य कुणाला सांगायला नको. परभणीकरांनी कमेंटमध्ये गर्दी करू नये.

आपल्याकडं काय? व्हिसल टेस्ट सुरू झाली तेव्हा मुंबई दूरदर्शनही नव्हतं, ते आलं 2 ऑक्टोबर 1972 ला. मराठवाड्यातल्या गावांत टीव्ही दिसायला ऐंशीचं दशक उजाडलं. मग छायागीत, चित्रहार. गच्चीवर एकानं अँटेना फिरवायचा, खाली दुसऱ्यानं ओरडायचं, “आलं, आलं... गेलं!” आणि पडद्यावर मुंग्या. गंमत म्हणजे रंगीत टीव्हीचा मोठा कारखाना आपल्याच पैठण रोडवर, चितेगावला, व्हिडिओकॉनचा. संच इथं तयार व्हायचे आणि रॉक मात्र 1991 नंतर हाँगकाँगहून यायला लागलं, स्टारच्या उपग्रहावरून एमटीव्ही, मग 1994 ला चॅनल व्ही. केबलवाल्याच्या गच्चीवर ती मोठी छत्री असायची. त्याची मर्जी असेल तर चॅनल, नाहीतर त्याच जागी हिंदी पिक्चर. मेट्रो चॅनलवर बाबा सेहगल ‘सुपरहिट मुकाबला’ घेऊन यायचा. तो काउंटडाउन होता, मैफल नव्हती. अन् अख्खी गल्ली तोच बघायची.

हे सगळं पुष्कळ घरांत व्हीसीआरवर टेप झालंय. अन् बीबीसीनं केलं तेच आपणही केलं. चॅनल व्हीच्या तीन तासांवर मामेबहिणीचं लग्न भरलं. लग्नाची कॅसेट शेवटपर्यंत पळवून बघा. वरात संपल्यावर मुंग्या येतात, अन् त्या मुंग्यांनंतर कधी कधी एखादा अर्धा कार्यक्रम निघतो. जाहिरातींसकट. त्या जाहिराती कापू नका, कार्यक्रमाचं साल ठरवायला त्याच कामाला येतात.

माळ्यावर कॅसेट सापडली तर आधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडं बघा. पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे, व्हीसीआरमध्ये घालू नका, हेडही जाईल अन् टेपही. आपल्याकडं हवा कोरडी, बुरशी कोकणाएवढी नसते, पण पत्र्याखालचा मे महिना टेपला मारतो. पत्र्याखालून काढून घरातल्या थंड जागी ठेवा, आडवी नाही, पुस्तकासारखी उभी. ई-180 कॅसेटवर साध्या वेगाला तीन तास बसतात, एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगाला, सहा. एलपीवर भरलेली असेल तर चित्र मुळातच मऊ दिसणार, व्हीसीआरला शिव्या देऊ नका. व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल पिन यूएसबी कॅप्चरला, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या डबीला, जोडा अन् उतरवून घ्या, एकदाच, न थांबता.

आणि कॅसेटच्या ज्या कडेला लेबल असतं, तिथं कोपऱ्यात प्लास्टिकची छोटी पट्टी असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. ती आधीच तुटलेली असेल तर समजा, घरातल्या कुणीतरी ही कॅसेट मुद्दाम राखून ठेवली होती. ती पहिली लावा. काय निघालं ते खाली लिहा, आणि काउंटडाउन का मैफल, तेही.