गोल्डफिश काचेशी आला म्हणजे भुकेला असतोच असं नाही

मंडळी, गोल्डफिश पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. दिवसातून किती वेळा खायला घालायचं? वाढ झालेल्या माशाला एकदा, फार तर दोनदा. दर वेळी दोनेक मिनिटांत फस्त होईल एवढंच. पिल्लांना थोडं थोडं तीन वेळा. हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरीही हात आवरत नाही. घरातले गोल्डफिश उपासमारीनं क्वचितच मरतात. ते मरतात जास्तीच्या खाद्यानं नासलेल्या पाण्यात.

गोल्डफिश कार्पच्या कुळातला. त्याला जठर नसतं. गिळलेलं अन्न थेट आतड्यात जातं, साठवायला जागाच नाही. त्यामुळे मोकळ्या पाण्यात तो दिवसभर तळाचा गाळ चाळत शेवाळ, अळ्या, किडे टिपत फिरतो. अन्न शोधत राहणं हा त्याचा स्वभावच आहे. तुम्ही दिसलात की काचेशी येऊन अंग घुसळतो, कारण माणूस आला की दाणे पडतात हे तो शिकलेला असतो. त्याची स्मरणशक्ती तीन सेकंदांची, ही निव्वळ अफवा. जेवणाची वेळही तो ओळखतो.

एकदा त्याला दाणा खाताना शांतपणे बघा. दाणा आत ओढतो, बाहेर टाकतो, पुन्हा ओढतो. दात जबड्यात नसून घशात असतात, तिथं तो अन्न भरडतो. भरडताना बारीक चुरा बाहेर सांडतो आणि वाळूत जाऊन बसतो. दाणे संपलेले दिसतात, पण हा चुरा तिथं कुजत राहतो आणि त्यातून माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो. शिवाय मासा स्वतःही कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. जितकं जास्त खाईल तितका जास्त. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात, आणि नेमका त्याच दिवसांत घरातल्या मुलांचा उत्साह शिगेला असतो. तेव्हा खाद्याचा डबा मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवावा. गोल काचेच्या भांड्यात तर फिल्टरच नसतो. त्यात गोल्डफिश ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसला, की लोक त्याला भूक लागली असं समजून आणखी दाणे टाकतात. खरं तर त्याचा श्वास कोंडलेला असतो. भुकेला मासा तुमच्याकडे येतो, तुमच्या बोटामागे फिरतो. गुदमरलेला मासा तुमच्याकडे लक्षही देत नाही, वरच तरंगत राहतो. अशा वेळी खाद्य बंद करा, एअर पंप लावा, निम्मं पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच घाला.

ओरांडा, र्‍युकिनसारख्या गोल अंगाच्या गोल्डफिशच्या प्रकारांना तरंगणाऱ्या दाण्यांऐवजी बुडणारे द्या, म्हणजे खाताना हवा गिळली जात नाही. अधूनमधून उकडून साल काढलेला मटारही चालतो. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी बिघडत नाही. नाशिककडे अंगणात हौद असेल, तर थंडीत पाणी गार होताच पचन मंदावतं, खाद्यही तसंच कमी करा. पाणी 10 अंशांच्या खाली गेलं तर बंदच.

गणपतीला गावी जाताना काय करायचं, हे दरवर्षी विचारलं जातं. निरोगी मोठा गोल्डफिश आठवडाभर काही न खाता आरामात राहतो. सुट्टीसाठी मिळणारी विरघळणारी पांढरी वडी टाकू नका, तिनं पाणी गढूळ होतं. जास्त दिवस जाणार असाल, तर चिमूटभर खाद्याच्या पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्या, दोन दिवसांआड एक. अख्खा डबा देऊ नका. मायेपोटी मूठभर टाकलं जातं. आणि त्यांना आवर्जून सांगा, की वीज जाऊन आली तर पंप पुन्हा सुरू झालाय का, तेवढं बघा.